तयारीचे भाषण उत्तम होते, पण प्रश्न आला की विद्यार्थिनी गप्प होते. तिची प्रगती कशी ओळखावी?

प्रश्न: अध्यापिका

नमस्कार.

मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला संवादकौशल्य हा विषय शिकवते. वर्गातील एका विद्यार्थिनीविषयी मला मार्गदर्शन हवे आहे. तिची ओळख उघड होईल असा तपशील देत नाही, मात्र अडचण नेमकी कळावी म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

वर्षाच्या आरंभी स्वतःची ओळख करून द्यायला सांगितले तेव्हा तिने नाव सांगितले आणि ती खाली बसली. दुसरे वाक्य तिच्या तोंडून निघाले नाही. उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या, शेजारणीच्या वहीत उत्तर लिहून दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ती एक होती. तेव्हापासून तिने घेतलेली मेहनत मी जवळून पाहिली आहे. ती भाषण स्वतः लिहिते, मला दाखवते, सुधारते, मुखोद्गत करते आणि रिकाम्या वर्गात उभी राहून म्हणून पाहते. आता पाच मिनिटांचे भाषण ती हातात कागद न घेता, स्वच्छ उच्चारांत, योग्य ठिकाणी थांबत करते आणि तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो. आमच्या मूल्यमापन तक्त्यात उच्चार, आवाजातील चढउतार, देहबोली, नजरभेट, ओघ, मांडणी आणि वेळेचे भान असे निकष आहेत, आणि या सगळ्यांत तिला चांगले गुण मिळतात.

अडचण गेल्या सादरीकरणात दिसली. विषय होता झोप आणि स्मरणशक्ती. भाषण सुरेख झाले. त्यानंतर एका विद्यार्थ्याने अगदी साधा, कोणतीही खोच नसलेला प्रश्न विचारला: परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नये हे पटले, पण ज्याचा निम्मा अभ्यास राहिला आहे त्याने त्या रात्री नेमके काय करावे? तिचा उजवा हात टेबलाच्या कडेवर घट्ट आवळला गेला, नजर विचारणाऱ्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली आणि काही क्षणांनी तिने आपल्याच भाषणातले एक वाक्य शब्दशः पुन्हा म्हटले. त्या वाक्याचा प्रश्नाशी संबंध नव्हता. विचारणारा संकोचून ‘धन्यवाद’ म्हणाला आणि ती मान खाली घालून जागेवर गेली. गटचर्चेतही असेच होते. तिची पाळी आली की ती घरून तयार करून आणलेले दोन मुद्दे सांगते आणि नंतर कोणी काहीही म्हटले तरी गप्प राहते.

मला पडलेला प्रश्न असा की या विद्यार्थिनीची प्रगती झाली आहे असे मी मनापासून म्हणू शकते का, आणि म्हणायचे असेल तर ती कशात झाली आहे. जिथे ती अडते तिथून तिला पुढे कसे न्यावे, आणि हा पुढचा टप्पा गाठला गेला की नाही हे केवळ माझ्या मतावर न सोडता नोंदवावे कसे, याविषयीही अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १: सभाधीट

मॅडम, पहिल्या शंकेचे उत्तर आधी देतो. प्रगती झाली आहे, आणि ती लहान नाही. नाव सांगून खाली बसणारी मुलगी पाच मिनिटे वर्गासमोर उभी राहते याचा अर्थ तिच्या शरीराने, आवाजाने आणि मनाने ती जागा सहन करायला शिकून घेतले आहे. प्रश्नाला उत्तर देता आले नाही म्हणून ही कमाई खोटी ठरत नाही, आणि तिच्यासमोर तसे सूचित होईल असा शब्दही आपल्या तोंडून जाऊ नये असे मला वाटते.

आता तुमच्या तक्त्याकडे येतो. प्राचीन रोममध्ये वक्तृत्वाचे शिक्षण पाच अंगांत विभागलेले असे: काय बोलायचे ते शोधणे, त्याची रचना करणे, त्याला भाषा देणे, ते लक्षात ठेवणे आणि ते सादर करणे. तुमच्या तक्त्यातील बहुतेक निकष पाचव्या अंगाचे आहेत, आणि चौथे अंग विद्यार्थी पाठांतराने सांभाळतात. पहिली तीन अंगे घरी, कागदावर आणि बऱ्याच अंशी तुमच्या दुरुस्त्यांच्या मदतीने उरकली जातात. श्रोत्याचा प्रश्न नेमकी तीच तीन अंगे मागतो, तीही उभ्या जागी आणि काही सेकंदांत. त्यामुळे भाषणात उत्तम गुण मिळवणारी विद्यार्थिनी प्रश्नापुढे थबकते यात विसंगती नाही; ज्याचा सराव झाला ते आले, ज्याचा झाला नाही ते आले नाही. पहिल्या शतकातील क्विंटिलियन हा रोममधील नामांकित शिक्षक लेखन, वाचन आणि पाठांतर यांवर पुष्कळ भर देणारा होता, तरीही आयत्या वेळी बोलता येणे हे सगळ्या अभ्यासाचे सर्वांत मोठे फळ होय असे त्याने लिहून ठेवले आहे. यातील क्रम महत्त्वाचा वाटतो. आयत्या वेळचे बोलणे हे तयारीच्या बोलण्याच्या विरुद्ध टोकाला नसून त्याच्या पुढच्या टप्प्यावर आहे, आणि तुमची विद्यार्थिनी योग्य वाटेवर आहे.

तोंडपाठ भाषणाची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. मिनिटाला एकशेवीस शब्द धरले तर पाच मिनिटांचे भाषण सहाशे शब्दांचे होते. शब्दशः पाठ केलेल्या मजकुरात प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याच्या आधाराने आठवते. मध्येच कोणी वेगळ्या बाजूने हात घातला की हाताला लागते ते एखादे सुटे वाक्य, आणि तेच तिने उच्चारले. तिच्याकडे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते असे मात्र नाही. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते हे तिने भाषणात सांगितले असणारच. त्यावरून सरळ निघते की जेवढे वाचून झाले आहे ते टिकायला हवे असेल तर त्या रात्री नवे प्रकरण उघडून पहाटेपर्यंत बसण्यापेक्षा महत्त्वाचा भाग निवडून तेवढाच वाचावा आणि झोपावे. सामग्री जवळ होती, पण ती वाक्यांच्या साखळीत अडकलेली होती आणि मुद्दा म्हणून सुटी झालेली नव्हती.

म्हणून पुढचे भाषण तिला पूर्ण लिहू द्यावे, परंतु पूर्ण पाठ करू देऊ नये. पहिले आणि शेवटचे वाक्य ठरलेले असावे, कारण बोलणाऱ्याला आधार तिथेच सर्वांत जास्त लागतो. मधल्या भागासाठी एका चिठ्ठीवर चार-पाच शब्द पुरेत. नंतर तोच विषय तिने पाच मिनिटांत, मग दोन मिनिटांत आणि शेवटी अर्ध्या मिनिटात सांगावा. अर्ध्या मिनिटात सांगताना जे उरते ते तिचे खरे म्हणणे, आणि हे ज्याला सापडले त्याला प्रश्नाचे उत्तर देताना उभे राहायला जागा मिळते. तोच विषय एकदा दहा वर्षांच्या मुलाला समजेल असा आणि एकदा त्या विषयाच्या शिक्षकांना सांगायचा आहे असे समजून बोलायला लावावे. वाक्ये बदलणे भागच पडते, त्यामुळे पाठांतराची पकड आपोआप सैल होते.

प्रश्नांसाठी स्वतंत्र सराव लागतो. प्रश्न आला की तो स्वतःच्या शब्दांत परत म्हणण्याची सवय तिला लावा: ‘अभ्यास अपुरा असलेल्याने त्या रात्री काय करावे, असे तुम्ही विचारता आहात ना?’ याने विचार करायला वेळ मिळतो, प्रश्न नीट कळला की नाही हेही तपासले जाते आणि मागच्या बाकावरच्यांना तो पुन्हा ऐकू येतो. ‘यातला एवढा भाग मला ठाऊक आहे, उरलेला वाचून सांगते’ हे पूर्ण आणि सन्मानाचे उत्तर आहे, असे वर्गात उघडपणे सांगून ठेवा. पुष्कळ विद्यार्थी अडतात ते उत्तर माहीत नसल्यामुळे नव्हे. माहीत नाही असे म्हणण्याची मुभा आपल्याला आहे हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

प्रतिसाद २: मुक्तचिंतन

वरील प्रतिसादातील सूचना चांगल्या आहेत, तरी देहबोलीकडे दुर्लक्ष होऊ नये असे वाटते. संवादाचा केवळ सात टक्के भाग शब्दांचा असतो, अडतीस टक्के आवाजाचा आणि पंचावन्न टक्के देहबोलीचा, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले गेले होते. टेबलाची कड आवळणे, भिंतीकडे पाहणे यांतून तिची भीती श्रोत्यांपर्यंत पोहोचली आणि उत्तर तिथेच निसटले. आधी तिची उभे राहण्याची पद्धत, हातांची ठेवण आणि नजर यांवर काम करावे. आत्मविश्वास शरीरातून आला की शब्द मागोमाग येतील असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद ३: मानसवेध

मी मानसशास्त्राचा अध्यापक आहे. मुक्तचिंतन यांनी दिलेली टक्केवारी प्रशिक्षणवर्गांत सर्रास सांगितली जाते, त्यामुळे ती आपल्यापर्यंत तशीच आली यात आश्चर्य नाही. परंतु मूळ अभ्यासाचा निष्कर्ष तसा नव्हता. अल्बर्ट मेहराबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन प्रयोगांतून हे आकडे एकत्र केले गेले. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, एका प्रयोगात त्यांच्यासोबत चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली होती, आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड एवढेच ओळखायला सांगितले होते. शब्द एक सांगतो आणि सूर दुसरे, अशा वेळी भावना ओळखताना ऐकणारा कशावर विसंबतो, इतकाच तो प्रश्न होता. भाषणातील आशयाला सात टक्के किंमत आहे असे त्यातून निघत नाही, आणि स्वतः मेहराबियन यांनीही हे सूत्र सरसकट सगळ्या संवादाला लावू नये असे स्पष्ट केले आहे. झोप आणि स्मरणशक्ती यांचा संबंध कोणी केवळ आवाज आणि हातवारे यांनी त्र्याण्णव टक्के समजावून देऊ शकत नाही, हे थोड्या विचारानेही पटावे.

देहबोली निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. घाबरलेल्या माणसाला ‘हात असे ठेव, नजर तशी ठेव’ असे सांगितले की त्याचे आधीच स्वतःवर खिळलेले लक्ष आणखी स्वतःवर जाते. भीतीविषयी जे संशोधन आहे ते या विद्यार्थिनीच्या बाबतीत अधिक उपयोगी पडेल. बोलणाऱ्याची अस्वस्थता साधारणपणे सुरुवातीच्या अगदी आधी आणि पहिल्या मिनिटात सर्वाधिक असते आणि बोलणे चालू राहिले की उतरत जाते. प्रश्नोत्तरांच्या वेळी मात्र ती पुन्हा उसळू शकते, कारण बोलणाऱ्याच्या दृष्टीने ती एक नवी सुरुवात असते. केवळ भाषणाचा सराव केल्याने ही दुसरी उसळी कमी होत नाही; त्या क्षणाला वारंवार, पण लहान प्रमाणात सामोरे जावे लागते.

आणखी एक गोष्ट तिला स्पष्ट शब्दांत सांगण्याजोगी आहे. आपली धडधड, आपला गोंधळ समोरच्यांना लख्ख दिसतो असे बोलणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो त्यांना बराच कमी दिसतो. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना भाषणाआधी नेमकी हीच माहिती दिली होती. ज्यांना ती दिली त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली, त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्या मतेही. ‘घाबरू नकोस’ या सल्ल्याने जे होत नाही ते ‘तुझी भीती तुला वाटते तितकी आम्हाला दिसत नाही’ एवढ्या वाक्याने काही अंशी होते, कारण पहिले वाक्य आज्ञा आहे आणि दुसरे माहिती. अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ मधील संशोधनातही असेच काहीसे आढळले: भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे सरस ठरली. छातीतली धडधड दोन्ही अवस्थांत सारखीच असते. तिला बळेच शांत करण्यापेक्षा तिचा अर्थ बदलणे सोपे जाते.

नोंदीविषयी आपण विचारले आहे. जेम्स मॅक्रॉस्की या संवादशास्त्राच्या अभ्यासकाने तयार केलेली चोवीस विधानांची एक प्रश्नावली आहे. प्रत्येक विधानाला एक ते पाच असा प्रतिसाद द्यायचा असतो आणि एकूण गुण २४ ते १२० यांच्या दरम्यान येतात. गुण जितके जास्त तितकी बोलण्याची धास्ती जास्त. आपल्याला उपयोगी पडावा तो प्रश्नावलीतील चार विभागांचा भेद: गटचर्चा, सभा, दोघांतील संभाषण आणि जाहीर भाषण. प्रत्येक विभागाची सहा विधाने असल्यामुळे चारही गुण वेगळे काढता येतात. आपल्या विद्यार्थिनीची जाहीर भाषणाची धास्ती कमी झाली असेल आणि गटचर्चेची जशीच्या तशी असेल, असा माझा अंदाज आहे. सत्राच्या आरंभी आणि अखेरीस ही प्रश्नावली भरून घेतली तर हा फरक कागदावर दिसेल. तिचा वापर गुण देण्यासाठी मात्र करू नये. गुण मिळणार म्हटल्यावर कोणीही खरे उत्तर देणार नाही.

प्रतिसाद ४: थांबत बोलणारा

मी शिक्षक नाही. मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. जगातील प्रौढांपैकी साधारण एक टक्का लोक असे बोलतात, म्हणजे मोठ्या महाविद्यालयात माझ्यासारखे काही विद्यार्थी नक्कीच असणार. अध्यापिका मॅडमच्या तक्त्यात ‘ओघ’ हा निकष दिसला म्हणून लिहावेसे वाटले.

विद्यार्थी असताना मला कोणत्या अक्षरावर अडेल हे आधीच कळत असे, आणि मी तो शब्द टाळत असे. ‘परिणाम’ अडणार असे वाटले की ‘फळ’ म्हणायचो, ‘कारण’ अडणार असे वाटले की वाक्यच फिरवायचो. ऐकणाऱ्याला मी बऱ्यापैकी ओघवता वाटत असे. पण मला जे म्हणायचे होते ते मी बोलतच नव्हतो. जे सुखरूप उच्चारता येईल तेवढेच बोलत होतो. तक्त्यानुसार ती माझी प्रगती होती, आणि माझ्या दृष्टीने ती पळवाट होती. आपली विद्यार्थिनी पाठ केलेल्या वाक्याकडे परत गेली हे वाचताना मला तीच हालचाल ओळखू आली. तेही एक सुखरूप वाक्य होते.

पुढे एका शिक्षकांनी माझ्यासाठी ओघाचा निकष बाजूला ठेवला आणि त्याऐवजी एक वेगळीच पद्धत अवलंबली. बोलायला उठण्यापूर्वी मी एका चिठ्ठीवर एक वाक्य लिहायचे: ऐकणाऱ्यांनी आज काय घेऊन जावे असे मला वाटते. बोलून झाले की वर्गातील चार-पाच जणांनी, एकमेकांना न विचारता, आपल्याला काय समजले ते एका वाक्यात लिहायचे. मग सगळ्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवायच्या. सुरुवातीला माझी चिठ्ठी आणि त्यांच्या चिठ्ठ्या यांचा एकमेकांशी फारसा मेळ नसे. माझ्या अडखळण्याविषयी त्या चिठ्ठ्यांवर कोणीच काही लिहीत नसे, कारण विचारलेलेच ते नव्हते. हळूहळू माझे लक्ष जिभेवरून त्या चिठ्ठ्यांकडे वळले. मी हवा तो शब्द वापरू लागलो, त्यावर अडलो तरी तोच पूर्ण करू लागलो, आणि चिठ्ठ्या जुळत गेल्या. मी आजही अडखळतो आणि माझ्या कामात मला नियमितपणे लोकांसमोर बोलावे लागते.

तेव्हा मॅडम, जमल्यास गुणांचा काही भाग या चिठ्ठ्यांना द्यावा. श्रोत्याला काय कळले याचा तो थेट पुरावा असतो, आणि त्यात उच्चार, आवाज किंवा चेहरेपट्टी यांमुळे कोणाला झुकते माप मिळत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: अध्यापिका

सर्वांचे मनापासून आभार. थांबत बोलणारा यांचा अनुभव वाचून ‘ओघ’ या निकषाचा पुनर्विचार करण्याविषयी मी विभागात बोलणार आहे. तो निकष आमच्याकडे वर्षानुवर्षे आहे आणि त्यावर कधी चर्चा झालेली मला आठवत नाही.

प्रतिसाद वाचल्यानंतर मी त्या विद्यार्थिनीशी निवांत बोलले. प्रश्न ऐकल्यावर मनात काय आले असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, प्रश्न मला ऐकूच आला नाही. तो बोलत होता तेव्हा मी माझ्या भाषणात त्याचे उत्तर कुठल्या परिच्छेदात आहे ते शोधत होते.’ हे ऐकून मी थक्क झाले. उत्तर देता न येणे ही तिची अडचण आहे असे मी धरून चालले होते, आणि ती सांगत होती की ऐकणेच झाले नव्हते. सभाधीट यांनी सुचवलेली, प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हणण्याची सवय इथे नेमकी लागू पडते असे दिसते.

आता व्यवहारातील अडचण. वर्गात साठ विद्यार्थी आहेत आणि तासिका जेमतेम पन्नास मिनिटांची. प्रत्येकाला उभे करून प्रश्नोत्तरांचा सराव द्यायचा तर सत्र पुरणार नाही. शिवाय अभिप्राय कोणत्या शब्दांत द्यावा याविषयीही कोणी लिहिले तर बरे होईल.

प्रतिसाद ५: सभाधीट

मॅडम, तिने जे सांगितले ते फार मोलाचे आहे, आणि तुम्ही विचारल्यामुळेच ते कळले. बोलण्याच्या शिक्षणात ऐकण्याला आपण फार थोडा वेळ देतो. गटचर्चेत ती गप्प का राहते याचेही उत्तर बहुधा इथेच आहे: आपली पाळी येईपर्यंत आपले दोन मुद्दे मनात घोळवणे आणि पाळी गेल्यावर सुटकेचा श्वास टाकणे, यात दुसऱ्याचे बोलणे कानावर पडते पण आत जात नाही. तिच्या गटात एक नियम करून पाहा की बोलणाऱ्याने आधी मागच्या वक्त्याचा मुद्दा एका वाक्यात सांगावा, त्याच्याकडून ‘होय, हेच म्हणायचे होते’ अशी संमती घ्यावी आणि मगच आपले मत मांडावे. चर्चा मंदावते, काहींना कंटाळाही येतो, पण तयार मुद्दे घेऊन आलेल्याला ऐकल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

साठ जणांची अडचण गटांनी सुटते. चौघांचा एक गट करा, म्हणजे पंधरा गट होतील. एकाने दोन मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने आणि तिसऱ्याने मिळून दोन मिनिटे प्रश्न विचारायचे, चौथ्याने ऐकून पुढच्या एका मिनिटात आपल्याला काय समजले ते लिहायचे आणि वाचून दाखवायचे. एका पाळीला पाच मिनिटे, चार पाळ्यांना वीस. तासिकेच्या अर्ध्याहून कमी वेळात साठही विद्यार्थी बोललेले, विचारते झालेले आणि ऐकून लिहिते झालेले असतील. पंधरा जण एकाच वेळी बोलत असल्यामुळे वर्गात गलका होईल. तो होऊ द्यावा, कारण भिडस्त विद्यार्थ्याला त्या गलक्याचा आडोसा वाटतो. तुम्ही दर वेळी दोन-तीन गटांजवळच थांबा आणि सत्रभरात सगळ्यांपर्यंत पोहोचा. लोकांसमोर बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या टोस्टमास्टर्स या संस्थेचे पहिले मंडळ राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केले. आज तिच्या बैठकांत तयारीचे भाषण, आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटे बोलणे आणि दुसऱ्याच्या भाषणाचे मूल्यमापन हे तीन वेगळे भाग असतात, आणि मूल्यमापन करणाराही उभा राहून बोलतो. ही तीन स्वतंत्र कौशल्ये आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा सराव लागतो हे त्या रचनेत गृहीत धरलेले आहे. तुमच्या वर्गाला त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

अभिप्रायाच्या बाबतीत मी आग्रही आहे. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला, तेव्हा एकतृतीयांशाहून अधिक प्रसंगांत अभिप्रायानंतर कामगिरी खालावलेली आढळली. त्यांचे स्पष्टीकरण असे की अभिप्रायाने माणसाचे लक्ष कामावरून निघून स्वतःवर जाऊ लागले की त्याचा उपयोग कमी होत जातो. मानसवेध यांनी हात आणि नजर यांविषयी जे लिहिले त्याच्याशी हे जुळते. ‘तू घाबरलेली दिसलीस’ हे वाक्य तिला स्वतःकडे वळवते, आणि ‘तू छान बोलतेस’ हेही तेच करते. ‘निम्मा अभ्यास राहिलेल्याला त्याचे उत्तर मिळाले का? कोणते वाक्य म्हटले असते तर मिळाले असते?’ हा प्रश्न तिला श्रोत्याकडे वळवतो. एका वेळी एकच गोष्ट सांगावी, ती पुढच्या सादरीकरणात करून पाहता येईल अशी असावी, आणि तिचा पाठपुरावा आपण लक्षात ठेवून करावा. दहा दोष दाखवणाऱ्या शिक्षकाचा विद्यार्थी पुढच्या वेळी दहाही दोष मनात घेऊन उभा राहतो, मग श्रोत्यासाठी मनात जागा उरत नाही.

नोंदींसाठी तिच्या वहीत एक पान राखून ठेवायला सांगा. त्यावर प्रत्येक सादरीकरणानंतर आलेले प्रश्न, तिने दिलेले उत्तर आणि घरी गेल्यावर सुचलेले अधिक चांगले उत्तर लिहावे. घरी सुचलेले आणि वर्गात दिलेले उत्तर यांतील अंतर कमी होत जाईल तसतसे तिला स्वतःलाच ते दिसेल. तुमच्या नोंदीत त्या पानाबरोबर श्रोत्यांच्या चिठ्ठ्या ठेवल्या की केवळ तुमच्या मतावर काही अवलंबून राहत नाही.

प्रतिसाद ६: मानसवेध

वरील सूचनांना एकच पुरवणी. ध्वनिचित्रमुद्रणाचा मोह होईल, आणि सत्राच्या आरंभीचे व अखेरचे बोलणे शेजारी ठेवून पाहणे उपयोगाचेही असते. मात्र त्याआधी दोन गोष्टी कराव्यात. आपला आवाज आपल्याला एरवी हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन्ही वाटांनी ऐकू येतो, तर मुद्रणात तो केवळ हवेतून येतो. म्हणून स्वतःचा मुद्रित आवाज जवळजवळ प्रत्येकाला पातळ आणि परका वाटतो. हे आधी सांगितले नाही तर भिडस्त विद्यार्थी ‘माझा आवाजच वाईट आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. दुसरे म्हणजे पाहताना तिला काम नेमून द्यावे: स्वतःकडे न पाहता, विचारलेला प्रश्न आणि दिलेले उत्तर एवढेच लिहून काढावे आणि दोन्ही जुळतात का ते पाहावे. हे मुद्रण तिच्याकडेच राहावे आणि तिने आपणहून परवानगी दिल्याशिवाय ते वर्गात, विभागात किंवा अन्य कोठेही दाखवले जाऊ नये. प्रश्नावलीची पहिली फेरी याच आठवड्यात उरकावी, कारण गटांचा सराव एकदा सुरू झाला की तुलनेसाठी लागणारी मूळ स्थिती नोंदवायची राहून जाईल.